शेवटचा अंक

पत्रकार आणि कादंबरीकार भार्गवराव नेवगी यांच्या नाट्यपरीक्षणाला भलेभले नट टरकून असत. गृहस्थ मात्र मध्यंतरात बटाटावडा खाऊन सरळ घर गाठत आणि ‘शेवटचा अंक साफ फसला’ असं खुशाल ठोकून देत.

पुढे त्यांनी स्वतःच नाटक लिहिलं. पहिल्याच प्रयोगाच्या मध्यंतरात ते वडा खात रंगपटात शिरले, तर नायिका इंदूबाई कोरगावकर तोंडावरचा रंग पुसत होत्या.

“अहो बाई, शेवटचा अंक राहिलाय!”

“माझे सगळे शेवटचे अंक तुम्हाला घरी बसून दिसले. आजचा प्रेक्षकांनाही तसाच दिसेल की!”

भार्गवरावांची मान खाली गेली.

“चुकलं, बाई. आज शेवटपर्यंत बसतो.”

इंदूबाईंनी पुन्हा आरसा पुढे ओढला.

“बसा पहिल्या रांगेत. वडा इथेच ठेवा.”