किटली धुतलेलं पाणी

“मग धूर गेला कुठे?” लतीफबाबांनी विचारलं.

“गेलाच, बाबा! संपला!” सुबोध नाचायचाच काय तो बाकी होता. “बघा की तिकडे. एवढं मोठं जहाज, तीन हजार माणसं पोटात, आणि धुराड्यातून निघतं काय? नुसती पांढरी वाफ! ते यंत्र मी बसवलंय. मी!”

खाडीच्या तोंडाशी पर्यटकांचं जहाज उभं होतं. चौदा मजली, पांढरंशुभ्र. आम्ही होतो समोरच्या कासवखडकावर. बेट म्हणायचं म्हणून म्हणायचं, नाहीतर तिथे आहे काय? एका पिराची कबर, एक विहीर, बाबांची झोपडी आणि पाच माड.

मी तातू, होडीवाला. सुबोधला मीच घेऊन आलो होतो आणि चारच्या आत परत न्यायचं होतं.

बाबा पूर्वी मालवाहू बोटींवर इंजिनात कामाला होते. फकिरी नंतरची. कोयंड्यांच्या सुबोधच्या हातात पहिला पाना दिला तो त्यांनीच. आज तो त्या जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे, पण बाबांसमोर अजून जमिनीवरच बसतो. पांढरा युनिफॉर्म घालूनसुद्धा.

चारला गावात जनसुनावणी होती. त्या जहाजाने दर आठवड्याला आमच्या खाडीत नांगर टाकायचा की नाही, यावर. अर्धं गाव हो म्हणत होतं, अर्धं नाही. आणि सगळेच म्हणत होते, आपला सुबोध काय सांगतो ते ऐकू. परवानगी मिळाली की त्याला चीफ इंजिनिअर करणार, असं कंपनीने सांगून ठेवलं होतं. त्यासाठीच तर तो बाबांचा आशीर्वाद घ्यायला आला होता.

“संपला म्हणजे कसा?” बाबा म्हणाले.

“सोपं आहे, बाबा. समुद्राचं पाणी वर खेचायचं आणि धुराड्यात फवारायचं. काजळी, गंधक, सगळी घाण पाण्यात उतरते. आभाळ स्वच्छ!”

“आणि पाणी?”

“पाणी खाली.”

“खाली…?”

“समुद्रात. पण मोजूनमापून हं! कायद्यात बसतं सगळं. काही बंदरं नको म्हणतात, काही चालेल म्हणतात, जगभर भांडण चाललंय त्यावर. पण मला सांगा, समुद्र केवढा आणि आम्ही केवढे!”

बाबा चुलीकडे वळले.

चुलीजवळची रिकामी किटली उचलून त्यांनी सुबोधपुढे ठेवली. लाकडाच्या धुराने ती बाहेरून काळीकुट्ट झाली होती. मूळची कसली होती, देव जाणे.

“धुऊन दे.”

“आत्ता?”

“चहा प्यायचाय.”

सुबोध हसला. बाह्या सारल्या. नारळाचं सोडण घेतलं, चुलीतली राख घेतली आणि बादलीवर किटली धरून असा काही भिडला की विचारू नका. हात इंजिनवाल्याचेच ते! पंधरा मिनिटांत किटली चकाचक.

“बघा! तोंड बघून घ्या हिच्यात!”

“शाब्बास!” बाबांचा चेहरा खरंच फुलला. “अगदी तुझ्या यंत्रासारखं काम. आता ते पाणी ओतून ये.”

सुबोधने बादलीत पाहिलं. पाऊण बादली काळं पाणी, वर राखेचा तवंग.

“कुठे ओतू?”

“तू इंजिनिअर आहेस. मी काय सांगणार…?”

सुबोध बादली घेऊन उठला. दोन पावलांवर विहीर होती. बेटावर गोडं पाणी तेवढंच. तो वळसा घालून पुढे गेला. पुढे बाबांचा लाल माठाचा वाफा. तिथे क्षणभर थांबला, बाबांकडे पाहिलं. बाबा चूल फुंकत होते.

मग तो खाली खडपांकडे गेला. ओहोटी लागली होती, चार बाया खडकाला चिकटलेली कालवं फोडत बसल्या होत्या. त्यांच्यात त्याची सख्खी चुलती, कमळाकाकी. त्याने बादली तिरकी केली मात्र, ती कोयती घेऊन उभीच राहिली.

“अरे मेल्या! कालवांवर ओततोस?”

“काकी, थोडंसंच आहे गं! समुद्र केवढा आहे!”

“मग थोडंसं तुझ्या पेजेत ओत!”

बाया खदखदून हसल्या. सुबोधचे कान लाल झाले. तो धावतच पश्चिमेच्या टोकाला गेला. मीही उठलो, राहवेना मला. तिकडे कोणी म्हणजे कोणी नव्हतं. पुढे उघडा समुद्र आणि ते जहाज.

“इथे कोणी नाही, तातूमामा!” तो ओरडला आणि बादली वर उचलली.

वारा समोरून होता, सोसाट्याचा. पहिला शिंतोडा उडाला तो थेट त्याच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर छातीवर. त्याने बादली खाली ठेवली. शर्ट पुसायला गेला तर डाग आणखी पसरला.

मग त्याने जहाजाकडे पाहिलं, बादली उचलली आणि मागे वळला.

परत आला तेव्हा चहा झाला होता. त्याने बादली बाबांपुढे ठेवली. होती तेवढीच भरलेली.

“बाबा… एक बादली. आणि तिला जागा नाही.”

बाबांनी तीन कपांत चहा गाळला.

“आमचं तासाला लाखभर लिटर जातं,” सुबोध म्हणाला. दुपारपासून पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता.

“साखर बघ बरोबर आहे का,” बाबा म्हणाले.

कसली साखर न् कसलं काय! माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. साडेतीन वाजून गेले होते. पलीकडे धक्क्यावर माणसं जमलेली मला इथून दिसत होती.

“सुबोध, निघायला हवं रे!”

तो हलला नाही.

“बाबा, मी तिथे काय सांगू?”

बाबांनी चहाचा घोट घेतला… आणि बादली हाताने त्याच्याकडे सरकवली.

सुबोध बादलीकडे बघत राहिला. मग बाबांकडे. मग पुन्हा बादलीकडे.

“ही तिथे नेली तर चीफची जागा गेली.”

“हं.”

“नोकरीसुद्धा जाईल कदाचित.”

“हं…”

मी कप खाली ठेवला. म्हटलं, आता हा एक तर रडणार, नाहीतर बाबांशी भांडणार. आणि हा पठ्ठ्या हसला! मोठ्याने, लहानपणी पहिलं इंजिन चालू झालं तेव्हा हसला होता तसा. चटकन वाकून बाबांच्या पायांना हात लावला आणि बादली उचलली.

“चला, तातूमामा! पळा! चारच्या आत पोचायचंय!”

पळालो. माझं वय काय, मी पळतोय काय! होडी ढकलली, तो उडी मारून चढला आणि बादली दोन्ही हातांनी मांडीत घट्ट धरून बसला. पांढरी पँट काळी झाली, त्याला पर्वा नव्हती. मी इंजिनाची दोरी ओढली. एका ओढीत चालू झालं.

“आधी ही सुनावणीच्या साहेबांच्या टेबलावर ठेवतो, बाबा!” तो वळून ओरडला. “मग बोलतो! सगळं सांगतो, आकड्यांसकट!”

आजवर कोणाला निरोप द्यायला बाबा झोपडीबाहेर आल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी ते गुडघाभर पाण्यात उतरले होते. दोन्ही हात तोंडाशी धरून त्यांनी हाक दिली.

“सुबोध! सांडू नकोस!”