खारीचा सागरगोटा

एका डोंगराच्या उतारावर दाट जंगल होते आणि तिथल्या ऐनाच्या झाडावर एक खार राहत असे.

तुम्ही खारीला दाणा पुरताना पाहिले आहे का? ती आधी डावीकडे बघते, मग उजवीकडे. खड्डा उकरते, दाणा ठेवते, माती ओढते आणि पुढच्या दोन्ही पायांनी वरून थोपटते, जणू बाळाला निजवते आहे. मग निघून जाते आणि दाणा कुठे पुरला हे पुष्कळदा विसरते. खारीची जातच तशी. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळे त्यावरच अडणार आहे.

त्या जंगलात औषधाची सोय चांगली होती. माथ्यावरच्या गुहेत एक म्हातारे अस्वल राहायचे. त्याला मुळ्या, साली आणि पाला यांचे ज्ञान होते. गुहेपुढे औषधी झाडांचे वाफे होते आणि ते सगळ्या जंगलाने मिळून राखले होते. पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येकाची पाळी येई. गवा खुरांनी माती मोकळी करी, वानरे तण उपटत. कोपऱ्यातला लहान वाफा खारीकडे होता. ती ओढ्यात शेपूट बुडवी, धावत वर येई आणि शेपूट वाफ्यावर झटके. वाफा भिजायला चाळीस खेपा लागत. पाळी नसली तरी ती येई. "वाळतंय ना ते, बघवत नाही," म्हणे.

कुणी किती काम केले यावर औषध ठरत नसे. ज्याचे दुखणे मोठे त्याला औषध मोठे. थोडेफार खरचटले तर ओढ्याकाठचे मुंगूस पाला बांधून देई. ज्याचे दुखणे त्याच्या हातचे नसेल त्याला ते वर अस्वलाकडे पाठवी.

एका उन्हाळ्यात मात्र खिंडीपलीकडच्या जंगलातले प्राणीही औषधाला येऊ लागले. वाफे रिकामे झाले आणि इथल्याच एका आजारी भेकराला मुळी मिळाली नाही. ते मेले. सभा भरली. यापुढे कुणी आपला वगळला जाऊ नये म्हणून इथल्या प्रत्येकाला खूण द्यायची असे ठरले. सागरगोट्याची वेल त्या जंगलात कुठेच नव्हती, म्हणून बगळ्यांकडून समुद्राकाठचे सागरगोटे आणवले. राखाडी, गुळगुळीत, टणक बिया. प्रत्येकाला एक. खूण बघून आत सोडायला गुहेच्या वाटेवर साळिंदराला बसवले.

वाटपाच्या दिवशीही खार पाणी घालायलाच आली होती. तिने सागरगोटा घेतला, डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले आणि तो जपून पुरून ठेवला.

पावसाळा गेला. थंडीच्या सुरुवातीला रानमांजराचा पंजा लागून खारीचा पुढचा उजवा पाय फाटला. दोन दिवसांत तो सुजून काळा पडला. ती तीन पायांवर मुंगसाकडे गेली.

मुंगसाने पाय हुंगला आणि मान हलवली. "हे माझ्या हातचं नाही गं. वर जा. आजच जा, उद्यावर टाकू नकोस."

खार वर पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. साळिंदर म्हणाले, "खारूताई, सागरगोटा?"

"पुरलाय कुठेतरी. आठवत नाही हो काका. पण तुम्ही मला ओळखता."

"ओळखतो म्हणजे काय? रोज ओल्या शेपटीने मला भिजवून जातेस तू."

"मग सोडा ना."

साळिंदराने काटे थोडे फुलवले आणि पुन्हा मिटवले. "मागच्या महिन्यात एका सशाला असंच सोडलं होतं. सभेत सगळ्यांसमोर उभं केलं मला. तुला नवा सागरगोटा मिळेल की. पौर्णिमेच्या सभेत सांगायचं, दोघांनी साक्ष द्यायची."

"पौर्णिमा कधी आहे?"

"परवाच झाली."

"अस्वलदादांना एकदा विचारून तरी या."

"प्रत्येकासाठी दादांना उठवायचं, तर मला इथे कशाला बसवलंय?"

एवढ्यात मोर आला. त्याच्या एका पिसाचे टोक मोडले होते. चोचीतला सागरगोटा त्याने साळिंदरापुढे ठेवला आणि खारीकडे तिरक्या मानेने पाहिले. "वस्तू जपता आल्या पाहिजेत, बाई."

"मी जपूनच ठेवलाय," खार म्हणाली. "म्हणून तर सापडत नाही."

मोर आत गेला. खार उतार उतरली आणि उकरू लागली. आधी ऐनाच्या बुंध्याशी. मग जांभळीखाली, वारुळामागे, पडलेल्या खोडाच्या कुशीत. तिला पूर्वीचे विसरलेले दाणे सापडले, अर्धवट कुजलेल्या बिया सापडल्या. उकरायला दोन्ही पाय लागतात आणि एक तर असा. प्रत्येक खड्ड्यानंतर ती थोडा वेळ पडून राही आणि उठून पुढच्या जागी जाई.

तिसऱ्या दिवशी उन्हे उतरताना अस्वल गुहेबाहेर आले. कोपऱ्यातला वाफा कोरडा पडून भेगाळला होता.

"याला पाणी नाही कुणी घातलं? ती खार कुठे गेली?"

"तिचा पाय दुखावलाय," साळिंदर म्हणाले. "परवा आली होती. सागरगोटा नव्हता तिच्याकडे."

"परवा?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून..."

अस्वलाने पुढचे ऐकले नाही. वाफ्यातली मुळी उपटून ते उतारावरून धावत सुटले. म्हातारे अस्वल धावताना त्या जंगलात कुणी पाहिले नव्हते. जागोजागी लहान लहान खड्डे होते आणि अस्वल त्यांच्या मागोमाग गेले. सतराव्या खड्ड्यात खार होती. तिच्या नखांत माती होती. अस्वलाने मुळी चावून तिच्या पायावर लावली, बराच वेळ धरून ठेवली आणि मग काढून घेतली.

पुढच्या पौर्णिमेला सभेत खारीच्या मरणाचा विषय निघाला. सगळे हळहळले. ठरले ते असे, की यापुढे खारींनी सागरगोटा पुरून ठेवू नये.

दोन पावसाळे गेले. कोपऱ्यातल्या वाफ्याकडे फारसे कुणी पाहत नव्हते. तिथे एक काटेरी वेल उगवली, वाटेच्या कडेने चढली आणि तिला काटेरी शेंगा लागल्या. वारा आला की शेंगांच्या आत काहीतरी खुळखुळे. एके दिवशी एक शेंग उकलली आणि दोन सागरगोटे घरंगळत साळिंदराच्या पायांशी आले.

साळिंदराने वेलीचे मूळ शोधले. ते त्याच्या बसायच्या जागेपासून दहा पावलांवर होते. खारीने सागरगोटा जिथे दाखवावा लागेल तिथेच पुरला होता आणि त्यावर रोज चाळीस खेपा पाणी घातले होते. साऱ्या जंगलाला पुरतील एवढे सागरगोटे आता त्या वेलीवर लटकत होते. ते कुणीही तोडले नाहीत.

साळिंदर अजून त्याच जागी बसते. वर येणाऱ्याला आता ते आधी विचारते, "काय होतंय तुला?" वारा असला की हे विचारताना त्याचा आवाज फार खाली जातो.

तात्पर्य : सर्वांनी मिळून उभारलेल्या औषधाच्या दारात आधी दुखणे पाहावे, खूण नंतर. हरवलेली खूण पुढे कधीतरी सापडते, गेलेला जीव सापडत नाही.