तोलकाठीची खुंटी

फार फार वर्षांपूर्वी एका राजाची लढाई संपली. तो जिंकला की हरला, हे आता कुणाला आठवत नाही. पण लढाई संपल्यावर एवढ्या घोडेस्वारांचं करायचं काय, हा प्रश्न त्याच्यापुढे उरला. त्याने डोंगरामागच्या खोऱ्यात प्रत्येकाला जमिनीचा एकेक तुकडा दिला आणि सांगितलं, "तलवारी माळ्यावर टाका, नांगर धरा. बैल मागू नका, घोडे आहेतच."

तेव्हापासून त्या खोऱ्यात घोड्यांनी शेती होऊ लागली. माणसांना नातू-पणतू झाले, घोड्यांनाही झाले. नांगर मात्र तेच राहिले, पणजोबांनी घडवलेले, बाभळीचे.

आता लहान मुलं विचारतील, ते घोडे बोलत का? बोलत. पण ते लष्करी घोड्यांचे वंशज. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही त्यांची शिस्त होती. त्यांना कुणी काही विचारत नसे, म्हणून खोऱ्यातल्या लोकांची समजूत झाली की घोड्यांना बोलता येत नाही.

अशा एका घरात नवी सून आली. तिलाही निघताना आईने बजावलं होतं, "वर्षभर तरी विचारल्याशिवाय बोलू नकोस." सून बोलत नसे, बघत असे. न बोलणाऱ्या माणसाला घरातलं पुष्कळ दिसतं. तिला दिसलं की रागावल्या की सासूबाई भाकरी पातळ थापतात. सासरे मनात नसलेलं बोलताना मिशीला हात लावतात. नवऱ्याचं नाव तिला उखाण्याबाहेर घ्यायचं नव्हतं, तेव्हा या गोष्टीतही तो नुसता नवराच राहील. माणूस चांगला होता. एखादी गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोर असली तरी ती दाखवून द्यावी लागे, एवढंच.

घरात नांगराला दोन जनावरं होती. पाखरी ही राखाडी रंगाची, उतारवयाची घोडी. अबलख हा कोवळा, भरल्या छातीचा घोडा. दोघांच्या मागे एक आडवं लाकूड असे, त्याला तोलकाठी म्हणत. एका टोकाला पाखरी जोडायची, दुसऱ्याला अबलख. मधोमध एक भोक, भोकात खुंटी, आणि खुंटीला अडकवलेली साखळी नांगराकडे जायची.

खोऱ्यात एक रीत होती. नांगरटीच्या पहिल्या दिवशी जे जनावर दिवस मावळेपर्यंत टिकणार नाही, त्याला खिंडीपलीकडे सोडून यायचं. खिंडीपलीकडे लांडगे होते. लढाईनंतर चारा कमी पडला तेव्हा ही रीत पडली. पुढे चारा उदंड झाला, पण रीत मोडायची कुणी, हे काही ठरलं नाही.

त्या वर्षी जमिनीला वाफसा आला. मातीचा चिखल नाही आणि ढेकूळही नाही, मुठीत धरली की जमते आणि सोडली की मोकळी होते, अशी वेळ. नांगर जुंपला गेला. सून भाकऱ्या घेऊन सासूबाईंबरोबर शेतावर पोचली, तेव्हा नांगराचे तास नागमोडी झाले होते आणि पाखरीच्या तोंडाला फेस आला होता.

"घोडी म्हातारी झाली," सासरे म्हणाले.

"म्हातारी कसली, आळशी आहे," सासूबाई म्हणाल्या. "काल चारा खाताना बरी म्हातारी नव्हती."

"तिचं काही नाही हो, आबा. हा अबलखच हिसके देतो," नवरा म्हणाला. "चाबूक खाल्ल्याशिवाय त्याला दिवस गोड लागत नाही."

"ते काही असो. संध्याकाळी मी तिला खिंडीत नेतो," सासरे म्हणाले. "जनावरच ते. मला काही वाटत नाही."

आणि त्यांनी मिशीला हात लावला.

सुनेने ते पाहिलं. तिने भाकरीबरोबर कोरड्यास वाढलं, कांदा फोडून दिला. जेवणं झाल्यावर तिघं हिवराच्या सावलीत आडवी झाली. सून घोड्यांसाठी पाण्याची बादली घेऊन गेली. पाखरीच्या मागच्या पायांना कापरं भरलं होतं. सून तिच्याकडे बघत राहिली. विचारल्याशिवाय न बोलणारं कसं उभं राहतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"पाखरे," तिने हळूच विचारलं, "काय होतंय गं?"

"खुंटी मधोमध आहे," पाखरी म्हणाली. जणू कित्येक वर्षं ते वाक्य तिच्या जिभेवर तयारच होतं. "मी आणि हा पोरगा सारखंच ओझं ओढतो. त्यात मी दमते आणि तो कंटाळतो."

"मग काय करायचं?"

"खुंटी चार बोटं त्याच्याकडे सरकवा. माझी बाजू लांब झाली की माझ्या वाट्याचं हलकं होईल, त्याच्या वाट्याचं जड. पहार लांब टोकाला धरली की धोंडा सहज उचलला जातो ना, तसंच."

"अगं, मग आधी सांगायचं नाहीस का?"

"विचारलं कुणी?"

सुनेने अबलखकडे वळून विचारलं, "आणि तुझं काय रे? तुला जास्त ओढावं लागेल."

"लागू दे," अबलख म्हणाला. "हलक्या ओझ्याने माझे पाय शिवशिवतात. मग मी हिसका देतो, ती मागे पडते, आणि चाबूक मला बसतो. ती खिंडीत गेली तर मी वळायचं कुणाकडे बघून? तासात चालायला तिनेच शिकवलंय मला."

सून हिवराखाली परतली. बोलायचं नाही, असं आईने सांगितलं होतं. विचारायचं नाही, असं काही ती म्हणाली नव्हती.

"मामंजी, एक विचारू?"

सासूबाई उठून बसल्या. "अगं बाई, हिला वाचा आहे."

"विचार," सासरे म्हणाले.

"पाखरीला काय होतंय, ते तुम्ही तिला विचारलंत का?"

नवरा हसला. "घोडीला विचारायचं? उद्या नांगरालाही विचारू."

"विचारून तर बघा," सून म्हणाली. "उत्तर नाहीच आलं, तर खिंड आहेच की."

खिंडीचं नाव निघताच सासरे उठले. घोडीपुढे जाऊन उभे राहिले. पागोटं सारखं केलं, इकडेतिकडे कुणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि घसा खाकरून म्हणाले, "काय गं पाखरे. तुझं काय म्हणणं आहे?"

पाखरीने सांगितलं. सगळं, पहारीच्या दाखल्यासकट.

घोडी बोलू लागताच सासरे दोन पावलं मागे सरले होते. मग म्हणाले, "पण ते भोक माझ्या आजोबांनी पाडलंय. मुद्दाम मधोमध पाडलंय. कुणावर अन्याय नको म्हणून."

"खरं आहे," पाखरी म्हणाली. "तेव्हा जोडी एका वयाची होती."

सासरे जागच्या जागी तासात बसले. त्यांनी मूठभर माती उचलली आणि मोकळी सोडली. मग मुलाला म्हणाले, "घरून गिरमिट आण."

तोलकाठीला नवं भोक पडलं. खुंटी अबलखच्या बाजूला सरकली. जुंपताना सासूबाई म्हणाल्या, "जुनं लाकूड आहे, मोडलं म्हणजे?" ती भीती सगळ्यांनाच होती.

लाकूड मोडलं नाही. अबलखने छाती पुढे रोवली आणि पहिल्यांदाच हिसका न देता चालू लागला. पाखरी त्याच्या बरोबरीने निघाली. तास सुतासारखा सरळ पडू लागला. ऊन कललं, सावल्या बांधापलीकडे गेल्या. शेवटच्या तासाला, अर्ध्या वाटेत, पाखरी थांबली.

सासऱ्यांनी खिंडीकडे पाहिलं. सूर्य तिथेच टेकला होता.

अबलखही थांबला. ओढलं नाही, पाय आपटले नाहीत. मान खाली घालून तिच्या श्वासाबरोबर श्वास घेत उभा राहिला. नवऱ्याच्या हातात चाबूक होता, तो त्याने बांधावर फेकून दिला. पाखरीने एक लांब श्वास सोडला आणि पाऊल उचललं. दोघं मिळून बांधाला पोचली तेव्हा सूर्याची कड अजून दिसत होती.

पाखरी त्या दिवशी खिंडीकडे गेली नाही. ती गोठ्यात गेली. सासरे तिच्यामागून चालत होते आणि मिशीला हात न लावता म्हणत होते, "मला फार वाईट वाटलं असतं गं."

रात्री जेवताना सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. "आणि तुझं काय? तुलाही काही म्हणायचं असेल."

"चुलीला ओली लाकडं येतात," सून म्हणाली. "बाकी ठीक आहे."

दुसऱ्या दिवसापासून लाकडं वाळून आत येऊ लागली. नवरा ती स्वतः फोडू लागला, आणि हे त्याला सांगावं लागलं नाही. निदान तो तसं म्हणत असे.

पुढे दर वर्षी नांगरटीच्या आदल्या दिवशी सासरे पाखरीला विचारत, "यंदा कसं करू या?" ती सांगे, आणि खुंटी थोडी आणखी सरके. शेजारीपाजारी आधी हसले, मग हळूच आपापल्या घोड्यांजवळ जाऊन काहीबाही विचारू लागले. खिंडीची वाट गवताने बुजून गेली. एका वर्षी पाखरी म्हणाली, "आता पुरे." तेव्हा तिला नांगरापासून सोडवलं आणि परसातल्या सावलीत बांधलं. अबलखशेजारी एक नवं शिंगरू आलं. ते फारच कोवळं होतं, म्हणून खुंटी पुन्हा सरकली, आणि या खेपेलाही अबलखकडेच. तो नको म्हणाला नाही.

बोध: सारखी वाटणी म्हणजे न्याय नव्हे; भार वाटण्याआधी तो ओढणाऱ्याला विचारावं.