करवंदगडची नवी मोटार आणि दुरपदीचं लिंबू

महाराजांची नवी मोटार मुंबईहून आली ती थेट दुरपदीच्या लिंबोणींच्या मुळावर! मोटार होती जुन्या मोटारखान्यापेक्षा दोन हात लांब. तोंड आत घातलं की बूड बाहेर, बूड आत घातलं की तोंड बाहेर. तेव्हा करवंदगडच्या उदाजीराव महाराजांनी हुकूम सोडला, "मोटारखान्यामागच्या लिंबोणी तोडा आणि भिंत मागं सरकवा!"

त्या बारा लिंबोणींवर दुरपदीचं घर चालायचं. वर कडी म्हणजे, मोटारीच्या पूजेला चाकांखाली ठेवायची लिंबंही तिच्याकडूनच मागवली होती! पदरात चार लिंबं बांधून ती राजवाड्याच्या पटांगणात आली, तेव्हा रडवेली कमी आणि पेटलेली जास्त होती.

मोटार हार घालून उभी होती. महाराजांचा ड्रायव्हर उस्मानचाचा आत ताठ बसला होता. मोटारी विकणारे खुर्शेदजी शेट रुमालानं बॉनेट पुसत होते आणि महाराज मोटारीत तोंड बघून मिशा पिळत होते.

"महाराज," दुरपदीनं मुजरा केला, "एवढी लांबलचक कशाला घेता? शेजारच्या आवळीच्या राजांनी गेल्या सालची मोटार विकायला काढलीया म्हनं. आखूड बी हाय आन् स्वस्त बी."

"जुनी?" महाराजांना ठसकाच लागला. "जुनी मोटार म्हणजे विकतचं दुखणं! आज टायर, उद्या इंजिन. नवी महाग दिसते, पण शेवटी तीच स्वस्त पडते. शेटजींनीच सांगितलंय!"

"शेटजी विकायला आल्यात, महाराज. खाटीक कदी बोकडाला म्हातारा म्हनतो का?"

पटांगणात खसखस पिकली. महाराजांचं नाक लाल झालं.

"असं? मग दाखव सिद्ध करून, की नवी महाग पडते! पण आकड्यांनी आमचं डोकं दुखतं. तुझ्या तोंडून एकही आकडा बाहेर पडता कामा नये. पडला, की झाडं गेली! आणि मुहूर्ताला घटकाभरच वेळ उरला आहे."

"आन् जमलं तर?"

"तर झाडं तुझी. वर मागशील ते!"

आकड्यावाचून हिशेब! दुरपदीला काहीच सुचेना, म्हणून ती आपली लिंबं ठेवायला लागली. मागच्या चाकांखाली ठेवली, मग पुढच्या. शेवटचं लिंबू ठेवताना मात्र ती थबकली, त्याच्याकडे बघत राहिली आणि पदर खोचून उठली.

"शेटजी," ती गोड आवाजात म्हणाली, "समजा, हे लिंबू फुटलं. महाराज गावातनं चक्कर मारून आले, आन् रानीसाहेबांना रंगच पसंत पडला न्हाई. मग मोटार माघारी घ्याल का?"

"अलबत!" शेटजींनी छाती फुगवली. "आमच्याकडचं गिऱ्हाईक कधी नाराज होत नाही!"

"मग कितीला घ्याल?"

आता शेटजींचा जन्म गेला होता घेण्याविकण्यात. विकताना मोटारीला 'महाराणी' म्हणणारी त्यांची जीभ घ्यायची वेळ आली, की आपोआप उलटी वळायची. त्यांनी चष्मा पुसला, मोटारीला फेरी मारली, टायरवर टिचकी मारली आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं.

"वापरलेली गाडी… रंगावर धूळ… सीटवर कोणी कोणी बसून गेलेलं… बावीस हजार. तेही ओळखीचे म्हणून!"

"बावीस?" महाराज जागचे उडाले. "अहो, मघाशी बत्तीस सांगितलेत!"

"मघाशी नवी होती, महाराज!"

"आत्ताही नवीच आहे!"

"आहे ना! लिंबू फुटेपर्यंत."

बोलून गेल्यावर शेटजींनी जीभ चावली. पण महाराज आता खाली वाकून लिंबाकडे बघत होते. त्यांनी बोटं मोजून मोजून वजाबाकी केली.

"म्हणजे हे लिंबू… दहा हजारांचं?"

"आकडा तुमी काढलात, महाराज. मी काय बी बोलले न्हाई!" दुरपदी म्हणाली. "फोडायचं का मग?"

"थांब! उस्मान, पाय काढ!"

"हुजूर, मी केव्हाच मांडी घालून बसलोय!"

महाराज हरले होते, पण हट्ट सुटेना. "आणि जुनी बिघडली म्हणजे?"

"बिघडंल की! नवी का बिघडत न्हाई? नवीला मुंबईचा सायेब येतो. तो आदी तुमच्या कोंबड्या संपवतो, मग बॉनेट उघडतो. आवळीची मोटार उस्मानचाचा शिव्या देत उघडंल. शिव्या फुकट असत्यात!"

"पण करवंदगडच्या राजानं दुसऱ्यानं बसून झिजवलेल्या जागेवर बसायचं? लोक काय म्हणतील?"

दुरपदीनं हात जोडले. "महाराज, दरबारातलं सिंहासन नवं घेतलंत का?"

"छे! ते आबासाहेबांचं."

"त्यांच्याआदी?"

"आजोबांचं. त्याआधी पणजोबांचं. त्याआधी…" महाराज अडखळले.

"एवढ्या समद्यांनी बसून झिजवलेलं चालतं, महाराज, मग आवळीकरांनीच काय घोडं मारलंय?"

 मग महाराजांच्या पोटातून असं हसू फुटलं, की फेटा सुटून शेटजींच्या गळ्यात पडला!

"शेट, मोटार ढकलत मागं न्या! आणि लिंबाला धक्का लावू नका!" डोळे पुसत महाराज म्हणाले. "दुरपदे, झाडं तुझी, त्यांच्याखालची जमीनही तुझी. आणखी काय हवं?"

"पाटी डोईवर घिऊन बाजारला चालत जाते, महाराज. मान धरती."

तेव्हापासून दर बाजाराला उस्मानचाचा आवळीची मोटार काढायचा. मागच्या सीटवर दुरपदी आणि तिची पाटी बसायची. महाराजांना यायचं असलं, तर ते पुढे चाचाच्या शेजारी!