सरळ रस्ता आणि डावं टायर

साखर कारखान्याचे चेअरमन तात्यासाहेब गाडीपाशी वाकले आणि कडाडलेच. पुढचं डावं टायर बाहेरच्या कडेनं पार गुळगुळीत झालं होतं, आतली नक्षी मात्र नव्यासारखी होती.

"इलाही, वळणं दामटतोस, म्हणून कड झिजली! उद्यापासून घरी बस."

"साहेब, चाकांचं अलाइनमेंट बिघडलंय. गाडी आपसूक डावीकडं ओढते."

"वा रे ड्रायव्हर! चूक तुझी आणि म्हणे गाडीच ओढते." जमलेले संचालक खदखदून हसले.

नोकरी जायची वेळ आली, तरी इलाहीभाई हटला नाही. "शेवटचं एवढं ऐका साहेब. फाट्यापर्यंत रस्ता सरळ आहे. तेवढी गाडी तुम्ही चालवा, मी मागं बसतो."

तात्यासाहेब ऐटीत पुढं बसले. गाडीनं वेग घेतला, तशी ती डावीकडच्या उसाकडं निघाली. त्यांनी ओढून रस्त्यावर आणावी, हात जरा सैल सोडावा, की पुन्हा समोर ऊस!

मागून इलाहीभाई हळूच म्हणाला, "साहेब, जरा सरळ चालवा की."

"अरे, मी सरळच चालवतोय! गाडीच ओढतीय!"

"मग साहेब, उद्यापासून आपण दोघांनीही घरी बसायचं का?"

फाट्यावरून तात्यासाहेबांनी गाडी गुमान गॅरेजकडं वळवली.