सोन्याच्या घंगाळातली लिंबोणी

एका राज्यात वीरबाहू नावाचा राजा राज्य करीत होता. राज्य मोठं, किल्ले बुलंद, खजिना भरलेला, आणि राजाचा स्वभाव असा की एकदा तोंडातून शब्द निघाला की तो मागं घेणं त्याला कमीपणाचं वाटे. पुढं जे झालं ते या स्वभावामुळं झालं. जादू नंतर आली.

या राजाची राणी कुमुदिनी. तिला हत्तीघोड्यांची हौस नव्हती, हिऱ्यामाणकांची नव्हती. तिच्या महालाच्या पूर्वेकडच्या सज्जात मातीची एक कुंडी होती आणि त्या कुंडीत एक बुटकी लिंबोणी होती. झाड उभ्या माणसाच्या गुडघ्याला लागेल एवढंच, पण बारा महिने फुले आणि बारा महिने फळे. सगुणा नावाच्या माळणीनं ते राणीला करून दिलं होतं. खाली जंबेरीचं, म्हणजे काटेरी रानलिंबाचं, खोड आणि त्यावर बुटक्या लिंबोणीचं कलम. रोज सकाळी दोघी झाडापाशी बसत. राणी विचारी, "सगुणे, आज पाणी घालू का गं?" सगुणा म्हणे, "बोट खुपसून बघा, राणीसाहेब. दोन पेरं कोरडं लागलं तरच घाला. उगाच लाड नकोत."

राणी एका साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. मागं राहिली चार वर्षांची राजकन्या इंदुकला आणि ती लिंबोणी.

राजानं दुःख फार केलं आणि ते राजासारखं केलं. राणीचं झाड मातीच्या कुंडीत राहावं हे त्याला सोसेना. तो खजिन्यात उतरला आणि कालजंघ जादूगाराला लढाईत मारून आणलेलं सोन्याचं घंगाळ त्यानं वर काढलं. घंगाळाच्या काठावर अक्षरं कोरलेली होती : "जे फार प्रिय, ते माझ्यात ठेवू नये." राजानं ती वाचली, सोडून दिली आणि झाड घंगाळात लावून घेतलं. मेलेल्या जादूगाराला कोण भितो?

इतकंच करून तो थांबला नाही. त्यानं फर्मान काढलं की दरबारात येणाऱ्या प्रत्येकानं आधी राणीच्या झाडाला एक ओंजळ पाणी वाहावं. पहिली ओंजळ राजाची, मग प्रधानाची, मग सेनापतीची, मग मानकऱ्यांची, हुजऱ्यांची, दासींची. रोजच्या तीनशे साठ ओंजळी. झाडाला कात्री लावणाऱ्याचा हात कलम होईल, अशीही दवंडी पिटली.

सगुणा भर दरबारात पुढं आली. म्हणाली, "महाराज, घंगाळाला खाली भोक नाही. एवढं पाणी जायचं कुठून?"

दरबार चपापला. त्या राज्यात राजाच्या भांड्याला भोक पाडणं म्हणजे राज्यालाच भोक पाडणं, अशी समजूत होती. तडकलेला राजकलशसुद्धा तिथं शालीत गुंडाळून, वाजतगाजत पुरत असत.

"राणीच्या झाडासाठी मी सोनं दिलं," राजा म्हणाला. "तू भोकाच्या गोष्टी करतेस?"

"झाड बुडून मरेल, महाराज. तुम्ही मारताय त्याला."

ही एवढीच वाक्यं. खरी होती, म्हणूनच झोंबली. राजाच्या कपाळावरची शीर उडाली आणि तोंडातून शब्द निघून गेला : "तिसरा सूर्य मावळायच्या आत माझ्या राज्याची शीव ओलांड." सगुणेनं सज्जापाशी जाऊन वाकून उंबऱ्याला हात लावला आणि ती गेली. राजाला त्याच संध्याकाळी चुकल्यासारखं झालं. पण शब्द परत घ्यायचा म्हणजे तो राजा कसला?

वर्ष गेलं. लिंबोणीची पानं पिवळी पडली. राजानं हुकूम दिला, पाणी दुप्पट करा. पानं गळू लागली. राजा रडकुंडीला आला. आणि मग एका सकाळी काय आश्चर्य, बुंध्यापासून हिरवेगार कोंब फुटले! सरळ, जोमदार, बोटबोट काट्यांचे. महिन्याभरात ते राजाच्या छातीला लागले. राजानं साखर वाटली, तोरणं बांधली. राणीनं झाडाला नवा जन्म दिला म्हणाला. त्या गर्दीत राणीची जुनी फांदी कुठंतरी वाळत होती. तिच्याकडं कुणी पाहिलंच नाही.

त्या फांदीचं शेवटचं पान ज्या दिवशी गळलं, त्याच दिवशी राज्यातला आंबटपणा नाहीसा झाला.

विरजण लावलेलं दूध तसंच राहिलं. चिंचेची चव चिखलासारखी लागू लागली. कैरी, कोकम, ताक, सोलकढी, सगळ्यातला जीव गेला. लोकांनी नाकं मुरडली आणि मीठ जास्त घालून चालवून घेतलं. पण इंदुकलेला ते चालेना. आई गेल्यापासून ती पोर फक्त लिंबू पिळलेला मऊ भात खात असे. आता लिंबू पिळलं तर नुसतं पाणी पडे. तिनं घास बाजूला सारला. दुसऱ्या दिवशी सारला, तिसऱ्या दिवशीही सारला. वैद्य आले, मांत्रिक आले, आपापले उपाय करून गेले. सहा वर्षांची राजकन्या वाळत चालली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. राजा तिच्या उशाशी बसून घास पुढं करी. ती राजाचं मन राखायला तोंड उघडी, पण तिला गिळता येत नसे.

अशा एका सकाळी सज्जाच्या कठड्यावर एक शिंपीण येऊन बसली. पान शिवून घरटं करणारी, मुठीत मावेल एवढी चिमणी. ती माणसासारखी बोलली.

"राजा, ज्याची पूजा करतोस ते झाड राणीचं नव्हे."

"मग कुणाचं?"

"खालच्या जंबेरीचं. राणीची फांदी मेली आणि खालचं रान माजलं. पोर जगवायची असेल तर तीन कामं कर. तिन्ही तुझ्या हातानं. घंगाळाला भोक पाड. हिरवे कोंब काढून टाक. मग माझ्या मागं पायी चल."

"ही कामं कुणी सांगितली?"

"सगुणेनं."

राजाचा जीव भांड्यात पडला. "कशी आहे ती?"

"ते तिथं येऊन विचार," शिंपीण म्हणाली.

राजानं छिन्नी घेतली, हातोडा घेतला. प्रधान आडवा आला, म्हणाला, "महाराज, राज्याला भोक पडेल!" राजानं त्याला हातानं बाजूला केलं. पहिला घाव घातला. घंगाळातून आवाज आला, थेट कुमुदिनीचा : "स्वामी, मला लागतं." राजाचा हात थांबला. दुसरा घाव घातला. "स्वामी, मी तुमचं काय वाईट केलं?" राजा खाली बसला. राणी गेल्यापासून हा आवाज त्यानं स्वप्नातसुद्धा ऐकला नव्हता. तो आवाज ऐकत जन्मभर बसून राहावं असं त्याला वाटलं. आतल्या खोलीत इंदुकला खोकली. राजानं डोळे मिटून तिसरा घाव घातला.

सोनं फुटलं आणि काळं, कुजकं पाणी वाहू लागलं. ते तीन प्रहर वाहिलं. दरबाऱ्यांनी नाकाला शेले लावले. इतक्या जणांनी इतक्या भक्तीनं वाहिलेलं पाणी होतं ते.

मग कोंब. राजानं तलवारीनं एक छाटला, तिथं दोन आले. दोन छाटले, चार आले. शिंपीण कठड्यावरून म्हणाली, "सगुणेचं म्हणणं असं : शस्त्र नको. हातानं धरा आणि कलमाच्या खालून मुळापासून ओढून काढा." राजानं हात घातला. काटे तळव्यात शिरले, मनगटापर्यंत रक्त आलं. त्यानं एकेक कोंब उपटला, ज्यांच्यासाठी साखर वाटली होती ते सगळे उपटले. शेवटी उरली बोटाएवढी जाड, करडी, वाळकी फांदी. राजानं नखानं तिची साल खरवडली. आत हिरवं असेल, निदान एवढंसं असेल, अशी त्याला आशा होती. आत तपकिरी भुसा निघाला.

तेव्हा राजा हमसून हमसून रडला. राणी गेली तेव्हा दैवानं नेली होती. ही फांदी त्यानं स्वतः मारली होती.

तिसऱ्या कामासाठी तो पायी निघाला. वर पक्षी, खाली राजा. पहिल्या दिवशी बोलक्या सागांचं रान लागलं. दुसऱ्या दिवशी उलटी वाहणारी नदी लागली. तिसऱ्या दिवशी शिवेपलीकडचा खडकाळ माळ लागला. वाटेत राजा मनाशी वाक्यं जुळवत होता. सगुणे, माझं चुकलं, असं म्हणावं का? की आधी पालखी पाठवतो म्हणावं? तिला गाव इनाम द्यावं? राजाला माफी मागायची सवय नसते. तिन्ही दिवस त्यानं तेच घोकलं.

माळावर एक झोपडी होती. झोपडीपुढं उन्हात एक फुटकं मडकं होतं. बुडाला भोक असलेलं. आणि त्यात गुडघ्याएवढी लिंबोणी उभी होती. पानं तकतकीत, फांदीफांदीला फुलं आणि मध्येमध्ये पिवळी धमक लिंबं. मडक्याला वेटोळं घालून एक म्हातारा नाग बसला होता.

नागानं विचारलं, "कोण?"

"राजा वीरबाहू."

"राजाला झाड द्यायचं नाही."

"राणी कुमुदिनीचा पती."

"त्यालाही नाही."

राजानं मान खाली घातली. "खरं बोलली म्हणून ज्यानं सगुणेला घालवून दिलं, तो."

नागानं वेटोळं सोडलं. म्हणाला, "घेऊन जा. जाताना तिच्या पदरात राणीच्या झाडाची वीतभर काडी होती. इथल्या जंबेरीवर तिनं ती बांधली आणि जगवली. मरताना मला राखणीला बसवलं."

"मरताना?"

"गेल्या पौषात गेली. या शिंपिणीला निरोप शिकवला, तू सगुणेला हाक मारशील तेव्हा सांगायला. नाहीच मारलीस, आणि पोर जायला टेकली, तेव्हा ही आपणहून उडाली. सगुणा मात्र दोन वर्षं वाटेकडं तोंड करून बसायची. म्हणायची, राजा तापट आहे, पण मनानं वाईट नाही, बोलावणं येईल. घोड्याच्या टापा ऐकल्या की उठून उभी राहायची."

राजाला त्या दोन वर्षांतला एकेक दिवस आठवला. कितीदा स्वार पाठवायचं मनात आलं होतं! आज नको, उद्या. सण होऊ दे. आपणहून का बोलवायचं, तीच येईल. आता झोपडीत चूल थंड होती आणि जुळवलेली वाक्यं ऐकायला कुणी नव्हतं. तरी त्यानं ती म्हटली. चुलीपुढं हात जोडून, मोठ्यानं, सगळी म्हटली.

मग मडकं त्यानं डोक्यावर घेतलं. परतीच्या वाटेवर तो सावलीला बसे, झाडाला उन्हात ठेवी. शिंपीण सांगे तेव्हा बोट खुपसून माती पाही आणि लागलं तरच चूळभर पाणी घाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत तो वेशीत शिरला. डोक्यावर मडकं, हातांना काट्यांच्या जखमा. पहारेकऱ्यांनी राजाला ओळखलं नाही.

त्यानं मडकं इंदुकलेच्या पलंगापाशी ठेवलं, एक लिंबू तोडलं, कापलं आणि मऊ भातावर पिळलं. पोरीनं घास तोंडात घेतला. तिचे डोळे मिटले, नाक आक्रसलं, खांदे वर गेले. "आंबट!" ती ओरडली आणि तिनं दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं.

त्याच क्षणी घरोघरी विरजण लागलं. चिंच आंबट झाली, कैरी आंबट झाली, ताकाला वास आला. घंगाळाचं सोनं काळं पडून त्याची राख झाली. तीनशे साठ ओंजळींची चाल राजानं बंद केली आणि भांड्याला भोक पाडायची कुणालाच मनाई उरली नाही. महिन्याभरात इंदुकलेच्या बांगड्या मनगटात घट्ट बसल्या आणि ती सज्जात धावू लागली.

एके दिवशी लिंबोणीपाशी बसून तिनं विचारलं, "बाबा, हे झाड कुणी जगवलं?"

"सगुणा नावाच्या माळणीनं."

"ती कुठं असते?"

राजा म्हणाला, "मी तिला घालवून दिलं, बाळ. माझं चुकलं."

पोरीला हे अगदी सोपं वाटलं. ती म्हणाली, "मग आता तिला बोलवा ना."

ज्या राजाच्या एका हाकेसरशी चतुरंग सेना उभी राही, तो तिथंच बसून राहिला. पोर उत्तराची वाट बघत होती.

जशी इंदुकलेच्या तोंडाला चव आली, तशी तुम्हां-आम्हां ऐकणाऱ्यांच्या तोंडाला येवो. आणि ज्याला बोलवायचं, त्याला तो आहे तोवर बोलवायची बुद्धी होवो.