एक वीत, चार बोटं

“किती सेकंद?” सरांनी पुन्हा विचारलं.

“पंधरा,” निरंजन म्हणाला. “रस्ता अठरा मीटर. माणूस सेकंदाला एक पूर्णांक दोन मीटर चालतो. पंधरा सेकंदांत पलीकडे.”

“कोणता माणूस?”

निरंजन हसला. बावीस वर्षांपूर्वी नगररचनेच्या वर्गात दस्तगीर तांबोळी सर असेच प्रश्न विचारून भल्याभल्यांना घाम फोडत. निरंजन कुलथे त्या वर्गातला सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि हे इतरांआधी त्याला स्वतःलाच ठाऊक होतं. आता तो महापालिकेचा सल्लागार होता. शहरातल्या चाळीस चौकांत पायी चालणाऱ्यांनी किती वेळात रस्ता ओलांडायचा, ते त्याच्या आराखड्यावर ठरणार होतं.

अडलं होतं एका सहीपाशी. आराखडा मंजूर करणाऱ्या समितीत सर सगळ्यात ज्येष्ठ, वय अठ्ठ्याहत्तर. बाकीच्यांच्या सह्या झाल्या होत्या. दुपारी तीनला बैठक होती आणि सरांची सही नसेल तर आराखडा वर्षभरासाठी बासनात जाणार होता.

“पुस्तकातला माणूस, सर. सगळीकडे हाच वेग धरतात.”

“बरं. आणि रस्त्याच्या मध्ये थांबायला कट्टा होता आपल्या चौकात...”

“तो काढला. उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांना लेन हवी होती.”

“अस्सं.”

सर घराच्या गॅलरीतून खाली बघत राहिले. खाली शिंगोटे चौक होता. आराखड्याची पहिली चाचणी तिथेच दोन महिने चालू होती. रस्त्यापलीकडे वाचनालय. रोज सकाळी सर तिथे जात, चार पेपर वाचत, तिघांशी भांडत आणि अकराला घरी येत. गेल्या दोन महिन्यांत ते एकदाही गेले नव्हते.

निरंजनने घड्याळ पाहिलं. साडेदहा.

“सर, पाच सेकंद वाढवले तरी गाड्यांची रांग पार पुलापर्यंत जाते. कोणीतरी थांबायला हवंच ना?”

“हवंच,” सर म्हणाले.

...

मग ते उठले. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी सुतळीचा गुंडा आणला. टोक धरून आपल्याच हाताने मापलं. एक वीत, चार बोटं. गाठींपुरती सुतळी जास्त सोडून कापली.

निरंजनचं हसू मावळलं. ही सुतळी त्याला चांगलीच आठवत होती.

सरांच्या वर्गाचा पहिला धडा कागदावर नसायचाच. पोरांना ते रस्त्यावर नेत आणि दोन्ही घोट्यांना सुतळी बांधून रस्ता ओलांडायला लावत. दोन पायांत अंतर एक वीत, चार बोटं. सरांची आई म्हातारपणी एवढंच पाऊल टाकायची. पोरं अडखळत, रडकुंडीला येत. निरंजनने तेव्हा गुपचूप दोन पायांत दोन विती सुतळी ठेवली होती आणि तो सगळ्यांच्या आधी पलीकडे पोहोचला होता. सर त्याला “शाब्बास” म्हणाले होते. ती शाब्बासकी तो पुढे कितीतरी वर्षं मिरवत होता.

“चल,” सर म्हणाले. “सही पलीकडे करतो. वाचनालयात.”

दोघे खाली उतरले. जिन्याच्या बारा पायऱ्यांना सरांना किती वेळ लागतो, ते निरंजन चडफडत बघत होता. फुटपाथच्या कडेला सरांनी सुतळी पुढे केली.

“बांध.”

“सर, इथे? लोक बघतायत...”

“बघू देत. पुढचं पाठ, मागचं सपाट, असं नको व्हायला.”

निरंजन खाली बसला. चकाकत्या बुटांवरून त्याने सुतळी बांधली. पलीकडच्या गाडीतून त्याचा ड्रायव्हर मान वळवून बघत होता. निरंजनचे कान तापले.

“या वेळी आखूड,” सर हळूच म्हणाले.

त्याने वर पाहिलंच नाही. पहिली गाठ सोडली, सुतळी आखूड केली, पुन्हा गाठ मारली. म्हणजे सरांना तेव्हाच कळलं होतं. बावीस वर्षं ठाऊक होतं.

सिग्नलवरचा माणूस हिरवा झाला.

पंधरा. चौदा. निरंजन एकटाच निघाला. पाऊल उचललं की सुतळी ओढे, पुन्हा उचललं की पुन्हा ओढे. दहा. थांबलेल्या मोटरसायकली गुरगुरू लागल्या. सात. एवढ्यात सातच?

“ओ काका, बागेत आलाय का फिरायला?” कोणीतरी ओरडलं.

तीन. दोन. तो जेमतेम मध्यावर आला होता. जिथे कट्टा होता तिथे पांढरा पट्टा होता, त्याच्याच आराखड्यातला, हातभर रुंद. त्यावर तो उभा राहिला आणि दोन्ही बाजूंनी गाड्या सुटल्या. एक बस पाठीला वारा लावून गेली. निरंजन भ्याला. त्याने पाय हिसडला, सुतळी तटकन तुटली, आणि जीव मुठीत धरून तो पळत सुटला.

वाचनालयाच्या फाटकाला धरून त्याने श्वास घेतला. मग मागे वळून पाहिलं.

पलीकडच्या कडेला सर उभे होते. हातात काठी. नजर सिग्नलवर.

“सर, थांबा! मी येतो!”

हॉर्नच्या गोंगाटात ते त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही.

माणूस हिरवा झाला आणि सर रस्त्यावर उतरले. नियमाप्रमाणे, वेळेवर.

चौदा. तेरा. निरंजन आकडे मोजत होता. दहा. सर रमतगमत चालत नव्हते. ते जमेल तेवढं भरभर चालत होते, आणि ते तेवढंच होतं. सहा. काठी, पाऊल, पाऊल. चार. एक.

सर पांढऱ्या पट्ट्यावर पोहोचले. काठी त्यांनी छातीशी धरली, जागा कमी लागावी म्हणून. डावीकडून पाण्याचा टँकर येत होता.

निरंजन धावला. सिग्नल बघितला नाही, घड्याळ बघितलं नाही. दोन्ही हात पसरून तो टँकरसमोर उभा राहिला. ब्रेक किंचाळले. टँकरवाल्याने खिडकीतून डोकं काढून त्याचे आईबाप काढले. मागे हॉर्न वाजू लागले, रांग वाढत गेली, पुलापर्यंतही गेली असेल.

“या सर... सावकाश या.”

काठी, पाऊल, पाऊल.

दोघे फाटकाशी पोहोचले.

निरंजनने खांद्यावरच्या बॅगेतून आराखडा काढला आणि भिंतीवर टेकवून पंधरावर काट मारली. मधल्या लेनवर फुली मारून तिथे पुन्हा कट्टा काढला. मग पंधराच्या शेजारी आकडा लिहिला आणि कागद सरांसमोर धरला. अकरा वाजत आले होते.

“तीस केले, सर. तीस पुरतील ना?”

सरांनी कागदाकडे पाहिलं नाही. निरंजनच्या बुटाशी सुतळीचं तुटकं टोक लोंबत होतं, तिकडे त्यांनी काठीने दाखवलं.

“गाठ मार. आपल्याला परत जायचंय.”